सांगून गेलो होतो

माझे वडील पिंपरीतल्या एका कंपनीत एकतीस वर्षं ड्रिलिंग मशीनवर होते आणि निवृत्त झाले तेव्हा त्यांची दहाही बोटं शाबूत होती. हे ते कुणालाही सांगत. नवीन माणूस भेटला, चहा झाला, की दोन्ही पंजे त्याच्यासमोर धरायचे आणि म्हणायचे, "मोजून घ्या." संत तुकाराम नगरात आमच्या आजूबाजूला अर्ध्या बोटाचे, पाऊण बोटाचे बरेच काका होते. त्यामुळे ही बढाई कुणाला पोकळ वाटत नसे. हात पुढं करायच्या आधी नजर तिथं पोचलेली पाहिजे, एवढंच त्यांचं तंत्र होतं आणि ते घरातही तसेच वागत. रॉकेलचा स्टो असो की माळ्यावरचा डबा, दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, हातून काही सांडलं, पडलं, विसरलं असं आम्हा भावंडांना आठवत नाही.

आज ते घरातून निघाले की बस स्टॉपपर्यंत जातात आणि कुलूप ओढून पाहायला परत येतात. कधी दोनदा, कधी तीनदा. गॅस तर त्यांनी बंदच करून टाकला आहे. डबा लावला आहे. लोक म्हणतात, वय झालं. मीही लोकांना तेच सांगत होतो. पण हे वयामुळं झालेलं नाही. हे माझ्यामुळं झालं आहे.

माझी मुलगी झाली तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. सासूबाई चार महिने आमच्याकडं चिखलीला राहिल्या, पण त्यांच्या घरी सासरे आजारी, त्यांना परत जाणं भाग होतं. बायकोची रजा संपत आली होती. ती हिंजवडीला, मी चाकणला, आणि मध्ये सहा महिन्यांचं बाळ. पाळणाघराच्या गोष्टी सुरू झाल्या तेव्हा दादा एका रविवारी आले आणि म्हणाले, "मी सांभाळतो की. सकाळी विहारात जातो, दुपारी पेपर वाचतो, एवढंच काम हाय मला."

आम्ही दोघंही हसलो. ज्या माणसानं स्वतःच्या मुलांना कधी आंघोळ घातली नाही, कारण तो कायम शिफ्टला असायचा किंवा शिफ्टहून येऊन झोपलेला असायचा, तो आता एकटा बाळ सांभाळणार. पण दादा गंभीर होते. ते सासूबाईंना म्हणाले, "विहीणबाई, आठ दिवस मला हेल्पर म्हणून ठेवा. मग मशीन माझ्या ताब्यात द्या." आणि खरंच आठ दिवस ते सासूबाईंच्या मागं हात बांधून उभे राहिले. दुधाची बाटली किती वेळ उकळायची, तेल कुठल्या बाजूनं चोळायचं, ढेकर येईपर्यंत पाठ कशी थोपटायची. नवव्या दिवशी सासूबाई निघाल्या तेव्हा बायकोला म्हणाल्या, तुझ्या सासऱ्यांचा हात माझ्याहून हलका आहे.

दादा संत तुकाराम नगरचं घर बंद करून आमच्याकडंच राहू लागले. ते बाळाला साहेब म्हणत. मी चाकणहून फोन केला की अहवाल मिळायचा. साहेब आत्ताच राउंड मारून झोपले. साहेबांनी आज डाळभात रिजेक्ट केला, पेज पास केली. झोपवताना ते बुद्धवंदना म्हणायचे, हळू, एकाच सुरात. ती दीड वर्षाची झाली तेव्हा तिला झोप आली की ती आपण होऊन हात जोडायची. आमच्या मजल्यावरच्या बायका सुरुवातीला दादांची गंमत करायच्या, नंतर स्वतःच्या नातवंडांना सर्दी झाली की त्यांनाच विचारायला येऊ लागल्या. मला वाटतं, आई गेल्यावर ते पहिल्यांदाच सकाळी उठून काहीतरी करायचं आहे म्हणून उठत होते.

आता कडीचं सांगतो. आमच्या फ्लॅटला आत लाकडी दार आणि बाहेर लोखंडी जाळीचं दार. उन्हाळ्यात दुपारी हवेसाठी लाकडी दार उघडं ठेवायचो आणि जाळीचं ओढून घ्यायचो. मुलगी दोन वर्षांची झाल्यावर जाळीच्या दाराचा खटका उघडायला शिकली. म्हणून मी वर, मोठ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, एक कडी बसवून घेतली. ती आतूनच लागते. त्यामुळं घरात नियम झाला: जाणाऱ्यानं सांगून जायचं, आणि दादांनी उठून मागून कडी लावायची. माझी सेकंड शिफ्ट असली की मी पावणेदोनला निघायचो. "दादा, मी निघतो," म्हणायचो. ते म्हणायचे, "व्हय, जा." आणि मी दोन पायऱ्या उतरायच्या आत वर कडी सरकल्याचा आवाज यायचा.

त्या दिवशी सव्वा वाजता कंपनीतून फोन आला. मी क्वालिटीत आहे. आम्ही पाठवलेले पार्ट कस्टमरनं परत केले होते, त्याची लाइन थांबायच्या बेतात होती आणि आमचे साहेब भडकले होते. आमच्यातला एक जण मोटरसायकलवर चाललाच होता, तो म्हणाला, खाली उतर, पाच मिनिटांत येतो. मुलगी हॉलमध्ये गादीवर झोपली होती. दादा बाथरूममध्ये तिचे कपडे धूत होते, नळ चालू होता. मी बूट हातात घेतले, जाळीचं दार आवाज न करता ओढलं आणि जिन्यात जाऊन बूट घातले. ती उठू नये म्हणून मी हाक मारली नाही. बाथरूमपर्यंत जाऊन दारावर टकटक करता आली असती. चार पावलं होती. ते माझ्या मनातच आलं नाही. डोक्यात परत आलेले पार्ट होते.

दोन वाजून गेल्यावर, आम्ही मोशी ओलांडून पुढं आलो होतो, तेव्हा दादांचा फोन आला. "पोरगी तुझ्याबरोबर हाय का?"

मी परत फिरलो. पोचलो तेव्हा ती सापडली होती. दोन गल्ल्या पलीकडं लेथची छोटी वर्कशॉपं आहेत, त्यातल्या एका मालकानं तिला पत्र्याच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं. ती आत शिरली ती थेट मशीनजवळ गेली आणि नुकताच लेथवरून उतरवलेला, अजून तापलेला चकचकीत तुकडा तिनं मुठीत धरला. तळहातावर फोड आले होते. गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम लावून पट्टी बांधली, म्हणाले, थोडक्यात निभावलं. मधल्या रस्त्यावरून दिवसभर भंगाराचे टेम्पो जातात, ते त्यांनाही माहीत होतं.

दादा अनवाणी होते. त्यांच्या पायाला डांबर चिकटलं होतं. त्यांनी जे सांगितलं ते असं: कपडे धुऊन ते बाहेर आले, गादी रिकामी दिसली. बेडरूमचं दार लोटलेलं होतं. त्यांना वाटलं, मी तिला घेऊन आत आहे. पावणेदोनही वाजले नव्हते आणि मी निघतो असं म्हणालो नव्हतो, म्हणजे मी घरातच. म्हणून ते शांतपणे गॅलरीत कपडे वाळत घालत बसले.

यात कुठंही चूक नाही. मी रोज असे अहवाल वाचतो, मला कळतं. माणसानं जे गृहीत धरलं ते नियमाप्रमाणेच गृहीत धरलं होतं. नियम मोडला होता तो मी.

बायकोला मी फोन केला होता. तिला कॅब मिळून, हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून बाहेर पडून घरी यायला पाच वाजले. मधले दोन तास मी आणि दादा समोरासमोर बसून होतो. मुलगी त्यांच्या मांडीवर झोपली होती. त्या दोन तासांत मी सांगू शकलो असतो. मी सांगायचं ठरवलंही होतं, पण वाक्य जुळवत राहिलो.

बायको आली, तिनं मुलीला घेतलं, पट्टी पाहिली. मग कुणाकडंही न बघता विचारलं, "कडी कुणी लावली नव्हती?"

दादा म्हणाले, "मी आत कपडे धूत व्हतो. मला वाटलं, हा घरातच हाय." मग ते माझ्याकडं वळले आणि अगदी सहज, गाडी किती वाजता आहे विचारावं तसं त्यांनी विचारलं, "तू सांगून गेला व्हतास का रे?"

त्यांच्या विचारण्यात आरोप नव्हता. त्यांना खरोखर माहीत करून घ्यायचं होतं. बायको आता माझ्याकडं पाहत होती. आठच दिवसांपूर्वी मी मुलीच्या लसीची तारीख विसरलो होतो आणि ती म्हणाली होती की तू घरी असलास तरी कंपनीतच असतोस. ते वाक्य मला पुन्हा ऐकायचं नव्हतं.

मी म्हणालो, "हो. सांगून गेलो होतो. तुम्ही व्हय म्हणालात."

नुसतं हो म्हणून थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसरं वाक्य मी का जोडलं ते मला आजवर समजलेलं नाही. खोटं नीट बसावं म्हणून असेल.

दादांनी बाथरूमच्या दाराकडं पाहिलं. "नळ चालू व्हता," ते म्हणाले. मग, "म्हणालो असेन."

मी स्वतःला समजावलं की यानं काही बिघडत नाही. दादांना कोण काय बोलणार? बायको त्यांना उलटून बोलत नाही, मी तर नाहीच नाही. दोन दिवसांत विषय संपेल. आणि खरंच, बायको त्यांना एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ती ऑफिसमधून दर तासाला फोन करू लागली. फोन दादाच उचलायचे.

आमच्या कामात एक वाईट सवय आहे. पार्ट परत आला की कारण शोधायचं असतं. असं का झालं, ते का झालं, त्याच्या आधीचं का झालं, असं मुळापर्यंत जायचं असतं. पण वेळ नसतो, कस्टमर फोनवर असतो, आणि मुळापर्यंत गेलं तर आपल्याच साहेबाचं नाहीतर आपलंच काहीतरी निघतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर थांबून लिहितात: ऑपरेटरचं दुर्लक्ष. उपाय: ऑपरेटरला समज दिली. ऑपरेटर त्या बैठकीत नसतो. नंतर त्याला बोलावून सही घेतात. असे किती कागद मी तयार केले असतील याचा हिशेब नाही. आणि मी लहान असताना एकदा दादा कंपनीतून येऊन न जेवता झोपले होते, कारण पकड सैल असलेल्या मशीनवर भोकं वाकडी पडली होती आणि सही त्यांची घेतली होती. हे मला माहीत होतं. तरी मी घरात तोच कागद आणला.

खरोखरच आणला. कंपनीतल्या प्रिंटरवर छापून. तारीख, वेळ, कडी लावली, सही. दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि दोऱ्यानं पेन बांधलं. बायकोला बरं वाटावं म्हणून, असं मी दादांना सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं केलंस. विसरायला नको."

पहिल्या आठवड्यात दिवसाला चार-पाच सह्या असत. पूर्ण नाव लिहून, खाली रेघ मारून, पगाराच्या दिवशी करायचे तशा. दुसऱ्या आठवड्यात नोंदी वाढल्या. दोन दहा. दोन वीस. दोन पंचवीस. मी संध्याकाळी कागद पाहायचो आणि बदलायचो. ते आकडे काय सांगत होते हे मला वाचता येत नव्हतं असं नाही. कुठल्याही मशीनचे आकडे असे आले असते तर मी धावत गेलो असतो.

मग एका दुपारी फर्स्ट शिफ्ट करून मी लवकर घरी आलो. जिना चढताना जाळीतून दिसलं. मुलगी गादीवर एकटी बसली होती, तोंडाला वरण लागून वाळलेलं, ताट पुढं तसंच. ती दादांना आबा, आबा म्हणून हाका मारत होती. आणि दादा दाराशी उभे होते, वरच्या कडीवर हात ठेवून. त्यांचं लक्ष तिच्याकडं नव्हतं. मी दिसताच ते म्हणाले, "बंद हाय. बघ, बंद हाय."

त्या आठवड्यात पाळणाघराचा विषय मी काढला. बायकोनं नाही काढला, हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे. ती उलट म्हणाली, दादांना वाईट वाटेल, माणसाच्या हातून एकदा चूक होते. मी म्हणालो, त्यांना झेपत नाही आता. खरं म्हणजे मला झेपत नव्हतं. रोज घरी येऊन दाराशी उभे असलेले दादा पाहणं मला झेपत नव्हतं. त्यांना नजरेआड करणं सोपं वाटलं.

दादांना सांगितलं तेव्हा ते मान हलवत राहिले. "बरोबर हाय तुझं. तिथं चार बायका असत्यात. एक विसरली तर दुसरी बघंल."

पहिल्या दिवशी ते पाळणाघराच्या दारापर्यंत आले. तिथल्या बाईंना सांगू लागले की दूध अकराला घेते पण गरम चालत नाही, भात नको म्हणाली तर दहा मिनिटांनी परत विचारायचं, आणि झोपताना उजवा कान चोळावा लागतो. बाई चांगल्या होत्या, पण मागं तीन मुलं रडत होती. त्या म्हणाल्या, "हो आजोबा, सगळं फॉर्ममध्ये भरून घेतलंय." दादा म्हणाले, "कानाचं न्हाई भरलं." मग तिथूनच ते पिशवी घेऊन संत तुकाराम नगरच्या बसमध्ये बसले. मुलगी महिनाभर झोपताना रडली. नंतर रडायची थांबली. हात जोडायचीही थांबली.

पाच वर्षं गेली. आम्ही रविवारी जायचो. मुलगी त्यांच्याजवळ बसायची, शाळेतलं सांगायची, पण पाहुण्यासारखी. बागेत जायचं म्हणाली की दादा मला उठवायचे. "तू चल संगं." मी म्हणायचो, बाग समोरच आहे दादा. ते चपला घालायचेच नाहीत. मला राग यायचा. राग यायचा, हे लिहितानाही लाज वाटते.

कुलपाचं, गॅसचं वाढत गेलं तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडं नेलं. विसरभोळेपणाचा आजार सुरू झाला असेल अशी भीती होती. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. दादांनी उलटे आकडे म्हटले, घड्याळ काढून दाखवलं, पाच वस्तूंची नावं वीस मिनिटांनी बरोबर सांगितली. डॉक्टर म्हणाल्या, आजोबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. मग कुलूप का तपासता सारखं?

दादा म्हणाले, "मॅडम, मी एकदा कडी लावायची विसरलो. नात हरवली व्हती. हात भाजला तिचा. तवापासून माझा माझ्यावर भरवसा न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. घरचा माणूस म्हणून दुजोरा हवा होता त्यांना. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडं पाहत राहिलो. दुसऱ्यांदा संधी आली होती आणि मी पुन्हा गप्प बसलो. डॉक्टरांनी लिहून दिलं की आजार नाही, भीती आहे, घरच्यांनी धीर द्यावा.

त्यानंतर तीन आठवड्यांनी मी सांगितलं. रविवार होता, मी एकटाच गेलो होतो. दादा कॉटवर बसून डब्यातलं जेवण ताटात काढत होते. मी सगळं सांगितलं, क्रमानं. फोन आला, बूट हातात घेतले, हाक मारली नाही. तुम्ही व्हय म्हणाला नव्हता, ते मी बनवलं. तुमची चूक नव्हती दादा, कधीच नव्हती.

त्यांनी चपाती मोडता मोडता ऐकलं आणि ते हसले. "तू लहानपनापासनं असाच. धाकट्यानं काच फोडली की मी फोडली म्हणून पुढं यायचास."

मी म्हणालो, दादा, हे तसं नाही.

"मला आठवतंय ना रे," ते म्हणाले. "तिचा लाल फ्रॉक पिळत व्हतो. तू दारातनं म्हणालास, दादा, मी निघतो. मी म्हणालो, व्हय, जा. आन् मनात म्हणलं, एवढा फ्रॉक पिळून झाला की उठतो. फ्रॉक झाला, मग तिची चड्डी घेतली हातात. तिथंच गेलं डोक्यातनं."

व्हय हा शब्द माझा होता. बाकीचं सगळं, लाल फ्रॉक, ती चड्डी, मनात म्हटलेलं वाक्य, हे त्यांनी पाच वर्षांत माझ्या एका खोट्या वाक्याभोवती स्वतःच्या हातानं बांधलं होतं. त्यांना ते दिसत होतं. मी शपथ घेतली, मुलीची शपथ घ्यायला निघालो तेव्हा त्यांनी ताट बाजूला सरकवलं. आयुष्यात फार कमी वेळा मी त्यांचा तो आवाज ऐकला आहे.

"म्हंजे जे घडलंच न्हाई ते मला आठवतंय, असं म्हणायचंय का तुला? विसरलो, ते मी मान्य केलं. आता येडा झालो म्हणतोस?"

मी खरं बोलतो असं त्यांनी मानलं तर त्यांचं डोकं खोटं ठरत होतं. त्यापेक्षा विसराळू होणं त्यांना बरं वाटत होतं. त्यांना निवडायला मी एवढंच शिल्लक ठेवलं होतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भांडली नाही. म्हणाली, "मी त्यांना तासातासाला फोन करायचे." एवढंच. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती एकटीच त्यांच्याकडं गेली आणि संध्याकाळी परत आली. दादा तिला म्हणाले होते, माझ्यासाठी स्वतःवर घेतोय, असा पोरगा नशिबानं मिळतो, त्याला बोलू नकोस. हे सांगताना ती माझ्याकडं पाहत नव्हती. हल्लीही काही वेळा बोलता बोलता तिची नजर माझ्यावरून सरकते, आणि ती कुठं जाते ते मला कळतं.

या मे महिन्यात पाळणाघराच्या बाई आठ दिवस गावी गेल्या. मुलगी आता आठ वर्षांची आहे. शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत दिवसभर ती तिथंच असते. बायकोनं दादांना आठ दिवस आमच्याकडं या म्हणून गळ घातली. ते आले, पण घरात कायम कुणीतरी मोठं असलं पाहिजे या अटीवर. बायकोनं घरून काम घेतलं. पहिले तीन दिवस बरे गेले. दोघं पत्ते खेळत होती, मुलगी हरली की चिडत होती. मला वाटलं, सुटेल हळूहळू.

चौथ्या दिवशी बायकोला अचानक ऑफिसला बोलावलं. माझी सेकंड शिफ्ट. मी तिला म्हणालो, जा तू, मी बोलतो दादांशी. मनात असं होतं की एक दुपार निभावली तर त्यांचं त्यांनाच कळेल. मुलगी आठ वर्षांची आहे, तिला स्टुलावर चढून कडी लावता येते, काढता येते, खाली-वर एकटी जाते. कशाची भीती?

पावणेदोनला मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. "दादा, मी निघतो."

ते म्हणाले, "व्हय." मग उठले, कोपऱ्यातली पिशवी घेतली, चपला घातल्या आणि माझ्या आधी जिना उतरू लागले. मी विचारलं, कुठं? ते म्हणाले, "खाली बसतो. सूनबाई येईस्तवर." सूनबाई यायला साडेसात वाजणार होते. वरून मुलीनं कडी लावल्याचा आवाज आला.

गेटच्या आत वॉचमनच्या केबिनशेजारी सिमेंटचा बाक आहे. ऊन त्याच्या अर्ध्यापर्यंत आलं होतं. दादा सावलीच्या अर्ध्यात बसले, तोंड गेटकडं करून. मी म्हणालो, दादा, वर जा, पंखा आहे, ती एकटी आहे. ते म्हणाले, "हितनं गेट दिसतं. भायेर जायचं म्हणली तर मला दिसंल. तू जा, तुझी बस जाईल."

मी त्यांच्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं मुलगी गॅलरीत आली. "आबा, वर या ना. डाव अर्धा राहिलाय."

दादांनी वर पाहिलं. "तुझा बाबा हाय का वर?"

"तो तर तुमच्या शेजारीच बसलाय."

"मग न्हाई, बाळा."

कोपऱ्यावर कंपनीची बस येऊन थांबल्याचं मला दिसलं. तिनं दोनदा हॉर्न दिला आणि ती गेली. मी सुपरवायझरला फोन करून आज येत नाही म्हणून सांगितलं, काही कारण दिलं नाही. मग उठलो. मी उठलो तसे दादाही उठले. जिन्यात ते माझ्या मागं एक पायरी ठेवून चढत होते. मुलीनं दार उघडलं, मी आत गेलो, बूट काढले. मी हॉलमध्ये खाली बसेपर्यंत ते बाहेरच उभे राहिले, आणि मग आत आले.